मोठे कोच नेमकं काय बघून येतात

अरे तू नवीन आहेस म्हणून सांगतो, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉल) मोठा कोच एखाद्या कॉलेजात का येतो हे बघताना स्टेडियम केवढं आणि जुन्या ट्रॉफ्या किती यावर जाऊ नकोस. कोच आधी बघतो की चांगली पोरं जवळपास मिळतात का. आता एलएसयूचं (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) बघ, लुइझियानात हायस्कूल फुटबॉलचं वेड आणि राज्यात त्यांच्या तोडीचं दुसरं कॉलेज नाही, त्यामुळे सेबन २००३ ला, माइल्स २००७ ला, ऑर्जेरॉन २०१९ ला, तीन वेगवेगळे कोच आणि तिघांनीही नॅशनल टायटल काढलं! उलट नेब्रास्का युनिव्हर्सिटी, पाच टायटलं, स्टेडियम कायम फुल्ल, पण राज्यात माणसंच कमी, पोरं टेक्सास-फ्लोरिडातून आणायची, १९९९ नंतर कॉन्फरन्ससुद्धा (म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांची स्पर्धा) जिंकलेली नाही.

दुसरं म्हणजे पैसा, पण कोचचा पगार नव्हे, तो सगळेच देतात. २०२५ पासून कॉलेज थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतं, वर्षाला साधारण २ कोटी डॉलरपर्यंत, म्हणजे ते द्यायची तयारी आहे का आणि असिस्टंट कोचसाठी बजेट किती हे विचारलं जातं.

आणि हो, देणगीदार किती नाक खुपसतात तेही बघ, माझ्या मते अर्धी गोची तिथेच असते.