पहिल्या सिंगल-शॉटसाठी .४५-७० घे

अमेरिकेतल्या ओहायोत हरणाच्या शिकारीसाठी पहिली सिंगल-शॉट रायफल (एका वेळी एकच काडतूस मावणारी) घ्यायची, तर .४५८ विंचेस्टर मॅग्नम या काडतुसाचा मोह सोड. ते १९५६ साली आफ्रिकेतल्या हत्ती-रेड्यांसाठी निघालं, ओहायोतल्या हरणाला त्याची गरज नाही. तू .४५-७० घे. १८७३ पासूनचं काडतूस, मुळात ७० ग्रेन (सुमारे साडेचार ग्रॅम) काळी दारू भरायचे म्हणून नावात ७०. ओहायोत २०१४ पासून हरणाला सरळ पुंगळीची (तोंडाकडे बाटलीसारखी न आवळलेली) काडतुसं चालतात, त्यात हे बसतं. शिवाय बुडाला चांगली रुंद कड आहे. अंगठ्याने आत ढकललंस की ती कड नळीच्या तोंडाशी टेकते, आणि रिकामी पुंगळी काढताना एक्स्ट्रॅक्टर तिलाच धरतो. सिंगल-शॉटला याहून सोयीचं काय हवं?

एक मात्र जिवाशी खेळ आहे. रुगर नंबर १ या मजबूत आधुनिक रायफलीसाठीचे कडक लोड (जास्त दाबाची काडतुसं) आणि जुन्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डचे मवाळ लोड, दोन्हींच्या पुंगळ्या सारख्याच. कडक लोड ट्रॅपडोअरमध्ये कधीच घालू नकोस, त्या जुन्या रायफलीला तेवढा दाब सोसत नाही. खोक्यावरचं वाचल्याशिवाय एकही काडतूस हातात घेऊ नकोस.

सुरुवात ४०५ ग्रेन गोळी, सेकंदाला साधारण १,३०० फूट, एवढ्यानेच कर. मी हलक्या रायफलीतून थेट कडक लोड उडवले आणि चाप ओढण्याआधीच डोळे मिटायची खोड लागली. मोडायला अख्खा सीझन गेला. रेंजवर मित्राला मधूनच डमी (न उडणारं) काडतूस भरायला सांग. चाप ओढताना नळी खाली झुकली की समज, धक्क्याची भीती बसलीय.

१०० यार्डांवर नेम बसवलास तर २०० वर ही गोळी फुटाहून जास्त खाली जाते. तेवढ्या लांबचं हरीण जाऊ दे. जखमी जनावर झाडीत हरवू देण्यापेक्षा रिकाम्या हाताने घरी ये.