राक्षसाला फायरबॉल लागत नाही, जळती तुळई लागते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: इंदूरच्या टिळकनगरात डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथाखेळाच्या टेबलावर तेराव्या लेव्हलच्या विझार्डने (जादूगाराने) राक्षसावर फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा स्पेल (मंत्र) टाकला, डीएम (खेळ चालवणारा आणि निकाल देणारा) म्हणाला काहीच झालं नाही. मग विझार्डने फायटरवर (योद्ध्यावर) हेस्ट, म्हणजे वेग वाढवणारा स्पेल, टाकला, तर डीएम म्हणे तोही सहाव्या लेव्हलच्या आतला, राक्षसापुढे चालणार नाही. वाद इतका लांबला की सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात पोचेपर्यंत गराडू (तळलेला कंद) संपले होते. पहिल्या निकालात डीएम बरोबर. दुसऱ्यात साफ चूक.

खेळाच्या २०१४ च्या नियमात लिहिलंय की सहाव्या किंवा त्याखालच्या लेव्हलच्या स्पेलचा राक्षसावर परिणाम होत नाही, त्याची स्वतःची तशी इच्छा असेल तरच होतो. हे हिरण्यकशिपूच्या वरदानासारखं वाचायचं: जेवढं मागितलं तेवढंच मिळालं. कवच राक्षसाच्या अंगावर आहे, अख्ख्या खोलीवर नाही. हेस्ट पडतो फायटरवर. धावतो तो, वारही त्याचाच. क्लेरिकने (पुरोहिताने) ब्लेस हा आशीर्वादाचा स्पेल टाकला असेल तर त्याचा डी-फोरही (चार बाजूंचा जादा फासा) मिळणार. अदृश्य झालेला विझार्ड राक्षसालाही दिसणार नाही.

म्हणून प्रत्येक वेळी एवढंच विचारा की या क्षणी स्पेल कोणावर काम करतोय. फायरबॉलच्या वर्णनात आहे की कोणाच्या अंगावर वा हातात नसलेल्या, पेट घेणाऱ्या वस्तू पेटतात. स्फोट राक्षसाला शिवणार नाही, पण पडदे आणि छताची तुळई पेटली की ती साधी आग, आणि आगीपासून राक्षसाला वेगळं संरक्षण नाही. त्याच्या पायाखालची जमीन फोडून खाली पाडलंत तरी लागेल. साध्या शस्त्रांपासून त्याचा जो बचाव आहे तो फक्त हल्ल्यांपुरता, आणि पडणं हा हल्ला नव्हे. दर दहा फुटांना १ डी-६ (सहा बाजूंचा एक फासा) इतकं डॅमेज, म्हणजे इजा.

आता खरा फायदा कुठे आहे ते सांगतो, कारण तुमच्या विझार्डला आपण निकामी झालो असं वाटतंय. चांगल्या अलाइनमेंटच्या (नैतिक कलाच्या) पात्राने जादुई शस्त्राने भोसकलं की राक्षसाला दुप्पट डॅमेज. (१९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये क्लेरिकने आशीर्वाद दिलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो सरळ मरायचा, आताचं दुप्पट डॅमेज हे त्याचंच शेपूट.) फायटरकडे साधा भाला असेल तर त्यावर मॅजिक वेपन (शस्त्र जादुई करणारा स्पेल) टाका. स्पेल भाल्यावर आहे, राक्षसावर नाही, म्हणून भाला जादुई धरायचा. त्या स्पेलने हल्ल्याला आणि डॅमेजला मिळणारा +१ सुद्धा मी देतो. काही डीएम तेवढं कापतात. मात्र हेस्ट आणि मॅजिक वेपन दोन्हीला कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला सलग लक्ष) लागतं, एका विझार्डला दोन्ही जमणार नाहीत. भाला आधीच जादुई असेल तर हेस्ट, नाहीतर मॅजिक वेपन.

फायरबॉलच टाकायची हौस असेल तर सातव्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायची एक संधी) वापरा. तेव्हा तो सातव्या लेव्हलचाच स्पेल मानला जातो आणि कवच भेदतो. १२ डी-६, सरासरी ४२. पण तेराव्या लेव्हलला असा स्लॉट एकच, राक्षसाला सेव्हवर (स्पेलपासून वाचायच्या फाशावर) ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला वरचा आकडा, आणि हिट पॉइंट (जीव) ११०. मी नाही टाकणार.

घोळ होतो तो वॉल ऑफ फोर्सवर, म्हणजे अदृश्य भिंत उभी करणाऱ्या स्पेलवर. भिंत तर खोलीत उभी आहे, पण ती निव्वळ जादूची, आणि राक्षसाला अडवणं हा त्याच्यावरचा परिणामच झाला. माझ्या टेबलावर तो आरपार जातो. वॉल ऑफ स्टोनचा दगड मात्र दगडच, तिथे तो थांबतो. दुसरा डीएम उलट निकाल देईल, भांडू नका. फक्त खेळाआधी ठरवून घ्या.

आणि टेबलावर २०२५ चं मॉन्स्टर मॅन्युअल असेल तर यातलं बरंच बाद. त्यातला राक्षस स्पेलविरुद्धचे सेव्ह आपोआप पास होतो आणि स्पेलचे अटॅक रोल (हल्ल्याचे फासे) त्याला चुकतात. म्हणजे फायरबॉलचं अर्धं डॅमेज बसतं, आणि मॅजिक मिसाइलला (जादूच्या बाणांना) ना सेव्ह ना अटॅक रोल, ती पूर्ण लागते. तुमचा डीएम कुठलं पुस्तक उघडून बसला होता, ते आधी विचारा.