‘संमती’, ‘सहमती’ आणि ‘अज्ञान’ मुलगी

प्रश्न असा आहे: बलात्काराच्या खटल्यातल्या अपिलाची बातमी वाचली. तीत एकदा ‘सहमतीने संबंध’ आणि एकदा ‘संमती नव्हती’ असं होतं. दोन्ही एकच का? आणि ‘मुलगी अज्ञान होती’ म्हणजे काय?

एकच नाहीत, आणि इथे ‘संमती’च हवी. सहमती मतांची असते. ठरावावर सभासदांची होते. ती दोघांची मिळून असते. संमती एकानं मागायची आणि दुसऱ्यानं द्यायची किंवा नाकारायची. खटल्यात प्रश्न असतो तो तिनं संमती दिली का, हाच. ‘सहमतीने’ लिहिलं की बातमीदारानंच त्याचं उत्तर देऊन टाकलं. (सुटा शब्द ‘संमती’, पण समासात ऱ्हस्व: संमतिपत्र, संमतिवय. १८९१ साली हे वय, म्हणजे ज्याखाली मुलीचा होकार कायदा मानत नाही ते, दहाचं बारा झालं, तेव्हा टिळक आणि आगरकर याच कायद्यावरून समोरासमोर होते.)

‘अज्ञान’ म्हणजे अडाणी नव्हे. कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे वयात न आलेली व्यक्ती, म्हणजे आज १८ वर्षांखालची; सातबाऱ्यावरच्या ‘अ.पा.क.’मधला (अज्ञान पालनकर्ता) ‘अ’ तोच. बातमीत मात्र ‘अल्पवयीन’ बरा, कारण ‘अज्ञान मुलगी’ वाचून तिला काही कळत नव्हतं असा अर्थ लागतो. ती ‘हो’ म्हणाली असली तरी १८च्या आत कायदा त्याला संमती मानत नाही.

म्हणूनच अपिलात भांडण वयावर येतं. आधी शाळेचा जन्मतारखेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत दोन्हीकडे दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच मान्य केलं होतं. सतरा आलं तर एकोणीसही असू शकतं, आणि मग संमतीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ‘वय सिद्ध झालं नाही’ या वाक्याचं ‘ती सज्ञान होती’ असं रूपांतर मात्र कुणी करू नये.

दोन्ही शब्द एकाच खटल्यात कसे अडकतात हे आपल्याच देसाईगंजच्या, १९७२ च्या पोलीस ठाण्यातल्या प्रकरणात दिसतं. ठाण्यातच मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोघा पोलिसांवर होता. मुलीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. डॉक्टरांनी वय १४ ते १६ सांगितलं होतं. सत्र न्यायालय म्हणालं, सोळाच्या आतलं वय सिद्ध नाही (तेव्हा संमतिवय सोळा होतं), आणि संमती होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फरक केला: भीतीपोटी निमूट सोसणं ही संमती नव्हे. दोघा पोलिसांना शिक्षा झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, हे त्यात एक कारण होतं. मला तो निकाल आजही वाचवत नाही.

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्या कानात इतकं मुरलंय, की गप्प राहणं म्हणजे होकार हे आपण सहज धरून चालतो. २०१३ च्या दुरुस्तीनं कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं, की संमती स्वेच्छेची आणि निःसंदिग्ध हवी, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून ती दिली असं धरता येणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ते कायम आहे. तेव्हा कागदावर ‘प्रतिकार केला नाही’ एवढंच असेल, तर बातमीतही एवढंच लिहावं.