गेलेल्या दाढेआधी शेजारच्या दाढा बघा

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५२. दोन वर्षांपूर्वी खालची, डावीकडची मोठी दाढ किडल्यामुळे काढावी लागली. एका डॉक्टरांनी ब्रिज सांगितला, दुसऱ्यांनी इम्प्लांट. घरचे म्हणतात, दुखत नाही ना, मग राहू दे. मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. काय करू?

उत्तर : घरच्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. गेलेली दाढ सगळ्यात मागची असती, तर मीही बहुधा ‘राहू द्या’ म्हटलं असतं. पण तुमची गेलीय ती चावण्याचा मुख्य भार घेणारी पहिली दाढ. अशी जागा रिकामी राहिली की मागची दाढ हळूहळू पुढे कलते आणि वरची, टेकायला काही न उरल्याने, खाली सरकते. आरशासमोर दात किंचित उघडे ठेवून गाल बाजूला ओढा आणि बघा. वरची दाढ शेजारणींपेक्षा खाली लोंबलेली दिसली, तर आधी तिचा बंदोबस्त करावा लागेल. नाहीतर नव्या दाताला उंचीच मिळणार नाही.

आता ब्रिज की इम्प्लांट? तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहिली नाहीत, आणि माझा सगळा निर्णय तिच्यावरच ठरतो : शेजारचे दोन दात कसे आहेत? ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप, म्हणजे टोपणं, बसवून त्यांना जोडलेला मधला खोटा दात. त्यासाठी ते दोन्ही चारही बाजूंनी घासून बारीक करावे लागतात, आणि घासलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक आवरण, पुन्हा येत नाही. दात धडधाकट असतील, तर एका दातापायी दोन चांगले दात घासायला माझा हात धजत नाही. पण त्यांत आधीच मोठं सिमेंट भरलेलं असेल, रूट कॅनल झालेलं असेल, कॅप तशीही बसवावी लागणार असेल, तर मी बिनदिक्कत ब्रिज करते. दोन-तीन भेटींत काम होतं. धोका एकच, पण लबाड : एका टोकाचं सिमेंट सुटलं तरी दुसरं टोक ब्रिज धरून ठेवतं. तुम्हाला पत्ता लागत नाही आणि आत कीड पसरत राहते. म्हणून ब्रिजखालून रोज बारीक ब्रश फिरवायचा आणि वरचेवर तपासून घ्यायचं.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर कॅप. हाड या धातूला घट्ट धरतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवरच्या प्रयोगात योगायोगानेच कळलं. पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले १९६५मध्ये. हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने जातात, तेवढा धीर हवा. त्याला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकतं. तेव्हा ब्रश करण्यातून सुटका नाही.

मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट बाद होत नाही, साखर ताब्यात नसेल तर होतं. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, सातच्या आसपास असेल तर मी पुढे जाते. आठच्या वर असेल तर आधी साखर, मग दात. घरात कोणी तंबाखू खात असेल तर त्यांचं ते बघतील, तुम्ही खात असाल तर मात्र आधी बंद. आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं घेत असाल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही. दोन वर्षांत हाड अरुंद झालेलं असणार, म्हणून साध्या एक्स-रेवर न थांबता सीबीसीटी, म्हणजे जबड्याचं हाड सगळ्या बाजूंनी दाखवणारा त्रिमितीय स्कॅन, करून घ्या.

काढता-घालता येणारा एकच दात कोणी सुचवला तर मागच्या दाढेसाठी नको म्हणा. इतका छोटा तुकडा गिळला जाऊ शकतो.

प्रश्न : आईची (वय ७४) खालची कवळी बोलतानाही उचलली जाते. नवी करावी का?

उत्तर : नवी करण्याआधी जुनीलाच आतून अस्तर लावता येतं का ते विचारा, त्याला रिलायनिंग म्हणतात. हिरडीची कड फारच झिजली असेल, तर नवी कवळीही तशीच उचलली जाईल. खाली जागा कमी आणि जीभ सतत हलती, त्यामुळे वरच्यासारखी पकड तिथे मिळत नाही. तब्येत साथ देत असेल, तर पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी टिचबटणासारखी अडकवता येते. तोंडभर इम्प्लांट लागत नाहीत. तोवर रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवायला सांगा. चिकटवायची पेस्ट दिवसेंदिवस जास्त लागत असेल, तर कवळी घेऊन डॉक्टरांकडे जा.