बॅगेतल्या त्या दोन बाटल्या

इंग्लंडातल्या लेस्टरहून आपल्या सोलापूरच्याच एका मुलीचं पत्र आलंय. प्रश्न तीन आहेत, पण मी पहिल्यातच अडकले, बाकीचे जाता जाता उरकते. ती लिहिते, "मावशी, इथले जीपी (फॅमिली डॉक्टर) म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल. साडेचार वर्षांच्या पोराला चार दिवस ताप, हिरवा शेंबूड, एक कान दुखतोय, तरी व्हायरल आहे, थांबा म्हणतात. सोलापूरला आमचे डॉक्टर पहिल्याच दिवशी अ‍ॅझी लिहायचे (अ‍ॅझिथ्रोमायसिन, अँटिबायोटिक), तिसऱ्या दिवशी पोरगं उड्या मारायचं. गड्ड्याच्या जत्रेला आलो तेव्हा सासूबाईंनी दोन बाटल्या बॅगेत घातल्यात, देऊ का?"

नको गं बाई. तिसऱ्या दिवशी उड्या मारायचं ना, ते तसंही मारलंच असतं! सर्दीताप बहुतेक वेळा व्हायरसचा असतो, दोनतीन दिवसांत आपला आपण उतरतो, आणि अँटिबायोटिक व्हायरसला काहीच करत नाही, पण उतरायच्या वेळी हातात बाटली असते म्हणून श्रेय बाटलीला. शेंबूड हिरवा होतो तो लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमुळे, त्यावरून जंतू कुठला ते कळत नाही. नर्सरीतल्या पोराला वर्षाला सहाआठ सर्द्या होतातच, खोकला तर दोनतीन आठवडे रेंगाळतो, मग वाटतं पोरगं कायमच आजारी.

आता माझंच सांगते. २००१ साली बर्मिंगहॅमला होतो, आईनं नव्या पेठेतून अमॉक्सिसिलिनचं (पेनिसिलिनच्याच घरातलं अँटिबायोटिक) ड्राय सिरप पाठवलं होतं, शेंगा चटणीच्या पुड्यात गुंडाळून. पोराला ताप आला, मी पाणी उकळून गार करून बाणाच्या खुणेपर्यंत ओतलं, खळखळ हलवलं, तीन दिवस दिलं, ताप गेला, उरलेली बाटली फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी. दीड महिन्यानं परत ताप, परत तीच बाटली, तळाशी गुठळ्या झाल्या होत्या तरी दिली (कालवलेलं औषध आठवडा, फार तर दोन आठवडे टिकतं, हे लेबल तेव्हा कोण वाचतंय). दुसऱ्या दिवशी पोटभर लाल पुरळ. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं, पेनिसिलिन अ‍ॅलर्जी. ते वाक्य बावीस वर्षं त्याच्या मागे लागलं, साधी दाढ सुजली तरी दुसरंच औषध. शेवटी रीतसर तपासणी केली तर अ‍ॅलर्जी नाहीच, पुरळ त्या व्हायरसचंच असणार म्हणाले. आईला बोलता येत नाही, तिनं मायेनंच पाठवलं होतं, मूर्खपणा माझा.

आणि तुझी अ‍ॅझी तर अजून जपून वापरायची, जागतिक आरोग्य संघटनेनं ती 'वॉच' यादीत ठेवलीय, अमॉक्सिसिलिन त्यामानानं साधं. आपल्याकडं २०१६ पासून सरकार सांगतंय, लाल रेघेची, म्हणजे अँटिबायोटिकची स्ट्रिप चिठ्ठीशिवाय घेऊ नका, तरी आमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला काय विचारतो, "काकू, मागच्या वेळचंच देऊ की?"

म्हणून जीपीवर चिडू नकोस. दोन वर्षांवरच्या पोराचा एक कान दुखत असेल, फार त्रास नसेल, तर दोनतीन दिवस दुखण्याचं औषध देऊन वाट बघतात, बहुतेक कान तेवढ्यात बरे होतात. पण तुझे चार झालेत, तेव्हा आजच फोन कर आणि कान परत बघा म्हणून हट्ट धर, तिथं मात्र गप्प बसू नकोस. कानातून पाणी आलं, श्वास जोरात चालला, पोरगं पाणी पिईना, शू कमी झाली, सुस्त पडून राहिलं, तर लगेच पळायचं. तान्हं तीन महिन्यांच्या आतलं असेल तर ३८ डिग्रीलाच दवाखाना. आणि डॉक्टरांनी तपासून अँटिबायोटिक दिलंच, तर सांगितलेले दिवस, सांगितलेल्या मापानं, चहाच्या चमच्यानं नाही, सिरिंजनं.

पोरगं मराठी बोलत नाही म्हणतेस, तू बोल की, इंग्रजीत विचारलं तरी. नणंदेच्या साडीचं तुमचं तुम्ही बघा, मला त्यात ओढू नका.

आणि त्या बाटल्या सिंकमध्ये ओतू नकोस हां, तिथल्या फार्मसीत नेऊन दे, नको असलेली औषधं ते परत घेतात. सासूबाईंना सांग, पुढच्या वेळी त्या जागेत कडक भाकऱ्या बसतील.