तू त्याला रात्री का हलवतेस?

मावशी,

माझं वय 39, ह्यांचं 44. लग्नाला 16 वर्षं झाली, नाशिकला असतो. हे औषध कंपनीत एरिया मॅनेजर आहेत. धुळे-नंदुरबारपर्यंत टूर असते, गाडी स्वतःच चालवतात. दीड वर्षापूर्वी मालेगावच्या पुढे चालवता चालवता डुलकी लागली आणि गाडी रस्त्याखाली उतरली. देवाच्या कृपेने लागलं नाही. त्यानंतर ओळखीच्या केमिस्टकडून ह्यांनी मोडाफिनिल हे झोप उडवणारं औषध सुरू केलं, रोज 200 मिलिग्रॅमची एक गोळी. मला सांगितलं नव्हतं, बॅगेत पट्ट्या सापडल्या तेव्हा कळलं.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन-तीन महिने घरात दिवाळी होती. जेवता जेवता पेंगणारा माणूस रात्री मुलाबरोबर कॅरम खेळायला लागला, बाथरूममध्ये गाणी म्हणायला लागला. आता गोळी नसेल त्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, आणि असेल त्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांवर खेकसतात. अधूनमधून दुपारी आणखी अर्धी घेतात. मी दोनदा पट्ट्या फ्लश केल्या. दिरांच्या कानावर घातलं. सासूबाईंसमोर शपथ घ्यायला लावली. चार दिवसांनी खिशात नवी पट्टी. मी म्हणते हे व्यसन आहे, हे म्हणतात चहासारखंच आहे. माझी शाळेची नोकरी, घर, मुलाची दहावी, त्यात रात्री ह्यांना हलवायला उठावं लागतं, मग माझी झोप होत नाही. सकाळी ह्यांचं डोकं धरलेलं. बीपीच्या दोन गोळ्या आधीच चालू, त्यात ही तिसरी.

ह्यांना वठणीवर कसं आणू ते सांगा.

— एक कंटाळलेली बायको

•

बाई गं,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडले. ‘रात्री ह्यांना हलवायला उठावं लागतं.’ नोकरी, घर आणि दहावी यांच्या रांगेत, दूध तापवायला ठेवावं तसं हे एक काम तू लिहून टाकलंस. पट्ट्या, दीर, सासूबाई, शपथ, सगळ्याला जागा दिलीस. ह्याला अर्धं वाक्य.

का हलवतेस गं त्याला?

नवरा नुसता घोरत असेल तर बायको कोपर मारते, उशी कानावर घेते, फारच झालं तर मुलाच्या खोलीत जाऊन झोपते. उठून, खांद्याला धरून हलवत नाही. हलवते ती आवाज थांबतो म्हणून. घोरणं चढत चढत जातं आणि मध्येच चिडीचूप. छाती वर-खाली होत असते, पण नाकातोंडातून काही नाही. तू अंधारात डोळे उघडे ठेवून वाट बघतेस. मग घशातून एक मोठा फरफराट, दचकून घेतलेला श्वास, आणि पुन्हा तेच गाडं सुरू. मी पैजेवर सांगते, हे तू शेकडो वेळा पाहिलं आहेस. पत्रात लिहिलं नाहीस, कारण तुला ती तक्रार वाटलीच नाही. गोळी मात्र वाटली.

मी डॉक्टर नाही, आणि पत्रावरून निदान करणाऱ्या डॉक्टरवरही माझा विश्वास नाही. पण ह्या प्रकाराला नाव आहे: स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागतो. मग मेंदू घाबरून त्याला अर्धवट जागं करतो, घसा उघडतो, श्वास सुटतो. त्याला ह्यातलं काही आठवत नाही. श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की डॉक्टर तो एक झटका धरतात. तासाला 15 च्या वर गेले तर आजार मध्यम, 30 च्या वर गेले तर तीव्र. तासाला 30 म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा तो माणूस झोपेतून ओढून काढला जातोय, आणि सकाळी शपथेवर सांगतोय की मी आठ तास झोपलो. तो खोटं बोलत नाही. त्याला माहीतच नाही. ह्या सगळ्याची साक्षीदार एकटी तू आहेस, आणि तू दिरांकडे गोळ्यांची चहाडी करत बसली आहेस.

आता तुझंच पत्र परत वाच. जेवताना पेंग, सकाळी डोकं धरलेलं, चव्वेचाळिसाव्या वर्षी बीपीच्या दोन गोळ्या, चालत्या गाडीत डुलकी. रात्री दोन-तीनदा लघवीलाही उठतो का, ते तू लिहिलं नाहीस, मी विचारते. तुला ही सुटी सुटी गाऱ्हाणी दिसतात. मला एकाच माणसाची न झालेली झोप दिसते.

गोळीबद्दल. ती काही गर्दुल्ल्यांच्या अड्ड्यावरून आलेली नाही. फ्रान्समध्ये ती तयार झाली, ल्योंचे झोपेचे संशोधक मिशेल झुवे यांनी ती नार्कोलेप्सीच्या रोग्यांना देऊन पाहिली. नार्कोलेप्सी म्हणजे बोलता बोलता, चालता चालता झोप कोसळते तो आजार. 1998 साली अमेरिकेत तिला त्याच आजारासाठी मान्यता मिळाली. पुढे स्लीप अ‍ॅप्नियावाल्यांसाठीही मिळाली, पण कशासाठी ते नीट वाच: रात्री श्वासाचा इलाज चालू असूनही दिवसा जी पेंग उरते, त्या उरलेल्या पेंगेसाठी. घसा मिटायचा तो मिटतोच, त्याला ही गोळी हात लावत नाही. विजेच्या मीटरची चकती बोटाने धरून ठेवली म्हणून घरातला हीटर बंद होतो का? तसंच आहे हे. युरोपच्या औषध नियामकांनी तर 2010 साली सांगितलं की ही फक्त नार्कोलेप्सीसाठी ठेवा, बाकीच्यांसाठी नको. अंगावर उठणारे गंभीर चट्टे आणि मनावर होणारे परिणाम ही कारणं त्यात होती. आणि बीपी आवाक्यात नसेल तर ती घेऊच नये, असंही त्यांनी बजावलं. तुझा नवरा जन्मभर डॉक्टरांना माहितीपत्रकं वाटतोय, स्वतःच्या गोळीचं एक वाचायला त्याला सवड झाली नाही. असो, त्याचं नंतर बघू.

ती दुपारची अर्धी गोळी तर शुद्ध वेडेपणा. ह्या औषधाचा निम्मा भाग शरीरातून जायला 12 ते 15 तास लागतात. दोन वाजता घेतलेली गोळी पहाटेपर्यंत निम्मी अंगात असते. म्हणजे रात्री जी थोडीफार झोप मिळायची तीही हा माणूस स्वतःच्या हाताने उडवतोय, आणि दुसऱ्या दिवशी म्हणतोय की गोळीशिवाय उठवत नाही.

आणि त्या पहिल्या तीन महिन्यांच्या दिवाळीबद्दल. तू ते वाक्य ‘खोटं कशाला बोलू’ म्हणत जरा शरमून लिहिलंस, मला ते फार आवडलं. तो कॅरम आणि ती गाणी गोळीने कुठून दुसरीकडून आणली नव्हती. थोडी झिंग गोळीची असेलही, मेंदूतल्या डोपामीन नावाच्या रसायनाला ती ढवळतेच. पण तो माणूस तुझाच होता. वर्षानुवर्षं झोपेच्या ओझ्याखाली दबलेला तेवढ्यापुरता वर आला. तो तुला परत हवाय, हे तू मला लिहिलंच आहेस, फक्त वठणीवर आणण्याच्या भाषेत.

व्यसन आहे की नाही? तो म्हणतो तशी ही चहासारखी नाही, तू म्हणतेस तशी दारूसारखीही नाही. सवय लागू शकते, म्हणून तर ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. त्या केमिस्टला मी उभं-आडवं घेतलं असतं. पण आज मला ह्या वादात शिरायचंच नाही. गाडी रस्त्याखाली उतरली त्या दिवशी तुझा नवरा घाबरला, आणि घाबरलेल्या माणसाने हाताशी होतं ते उचललं. तो मौजेला गेला नव्हता.

उलट मला तुलाच एक विचारायचंय. ज्या दिवशी तू पट्ट्या फ्लश केल्यास, त्या दिवशी तो टूरवर गेला होता का? गेला असेल तर रात्रभर न झोपलेला आणि गोळीही न घेतलेला माणूस राहुड घाटातून स्टिअरिंग धरून गेला. दोनदा. तुला राग यायचा तर येऊ दे, पण हे मी गिळून टाकणार नाही.

आमच्याकडे घोरणं म्हणजे विनोद. माझे थोरले मेहुणे घोरायचे तेव्हा अख्खा वाडा हसायचा. घोडे विकून झोपले, म्हणायचे सगळे. मोठी ताई मात्र हसायची नाही. ती कॉटशेजारी छत्री ठेवायची आणि मध्यरात्री छत्रीच्या टोकाने त्यांना ढोसायची. ती छत्री कशाला, हे आम्ही तिला कधी विचारलं नाही. मेहुणे 53 व्या वर्षी झोपेतच गेले. ताई त्या आठवड्यात माहेरी आली होती. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, झोपेत मरण आलं. नेमकं काय झालं ते कुणी तपासलं नाही, त्यामुळे मीही काही सांगू शकत नाही. पण तुझ्या पत्रातलं ‘हलवायला’ वाचलं आणि मला ती छत्रीच दिसली.

तेव्हा तुला एकच काम सांगते. येत्या शनिवारी रात्री, तो घोरायला लागला की मोबाइल उशाशी उभा कर. अंगावरचं पांघरूण छातीपर्यंत खाली घे, मंद दिवा ठेव आणि दहा मिनिटं व्हिडिओ काढ. आवाज थांबतो ती जागा त्यात यायला हवी. रविवारी सकाळी चहा झाल्यावर त्याला दाखव. भाषण देऊ नकोस, ‘बघा’ एवढंच म्हण. स्वतःचा श्वास थांबलेला पाहिल्यावर तो शपथेशिवाय ऐकेल. सोमवारी दोघांनी मिळून छातीच्या डॉक्टरांकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं, व्हिडिओ आणि गोळीची पट्टी दोन्ही घेऊन. हो, पट्टी लपवायची नाही, बीपीच्या गोळ्यांच्या शेजारी टेबलावर ठेवायची. ती बंद करायची का, कशी, ते डॉक्टर ठरवतील. तुझ्या संडासाने ठरवायचं नाही. त्याला एकट्याला पाठवू नकोस, तो ‘झोप छान लागते’ असं सांगून परत येईल. बोलायचं तुला आहे.

डॉक्टर बहुधा स्लीप स्टडी सांगतील. एक रात्र बोटाला, छातीला, नाकाला तारा लावून झोपायचं, काही ठिकाणी हे घरीही करतात. आजार निघाला तर नाकावर मास्क लावून झोपायचं मशीन मिळेल, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं. 1981 साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी पहिल्यांदा ते केलं, तेव्हा त्यांनी व्हॅक्युम क्लीनरची मोटर वापरली होती. हे नवऱ्याला जरूर सांग, कारण मास्क बघून तो म्हणणार आहे की मी काय फायटर पायलट आहे का. पहिले पंधरा दिवस कुरकुरेल, काढून फेकेल. वजन, दारू हे डॉक्टर बोलतीलच.

तोवर टूर एसटीने. ऑफिसला काय सांगायचं ते त्याचं तो बघेल, गाडीची किल्ली तू तुझ्या पर्समध्ये ठेव. पट्ट्यांऐवजी किल्ली लपवली असतीस तर मी तुला शाबासकी दिली असती.

आणि शनिवारपर्यंत रात्री उठणं सोडू नकोस. पाठीवर झोपलेला दिसला तर नुसतं हलवून परत आडवी होऊ नकोस, कुशीवर वळव आणि पाठीशी एक लोड लावून ठेव.

— मावशी