घरच्या घरी गाडीचं ऑइल बदलताना काय काय फसू शकतं?

माझं पहिल्याच वेळी फसलं, मालवणला आमच्याच खळ्यात. जुना फिल्टर काढला, पण त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली. मी नवा फिल्टर तिच्यावरच आवळला. गाडी सुरू केली नि दोन रिंगांमधून ऑइलची चिळकांडी! लगेच बंद केली, तरी लिटरभर तरी गेलंच. आई दारातून म्हणाली, "आता खळा तूच सारव." म्हणून फिल्टर काढला की बसायची जागा बोट फिरवून बघा, आणि नव्या रिंगला थोडं ऑइल लावून हातानेच आवळा.

दुसरी भानगड ड्रेन बोल्टची, म्हणजे जुनं ऑइल खाली सोडायच्या बोल्टची. खाऱ्या हवेने गंजलेला असतो. साध्या पान्याने झटके मारलेत तर डोकं गोल होतं, रिंग पाना घ्या. परत लावताना पहिले आटे बोटांनी फिरवा, नाहीतर चेंबरचे (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचे) आटे जातात आणि खर्च भलताच वाढतो.

जॅकवर किंवा चिऱ्यावर टेकवलेल्या गाडीखाली मात्र शिरू नका, चिरा अचानक फुटतो. जॅक स्टँड (पक्के लोखंडी टेकू) लावायलाच हवेत. जुनं ऑइल गॅरेजवाल्याला द्या, माडाच्या आळ्यात नको.